पंचवीस लाख तास आणि हरिपूरची पेवं

"मराठी विभागासाठी काहीतरी दे ना गं," असं मॅगझिन कमिटीतल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. बालवाडीपासून दहावीपर्यंत माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरचं, आईच्या स्वयंपाकघरातलं आणि बाबांच्या फोटो स्टुडिओतलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण विषय असा आहे की तो मला मराठीतच सांगता येईल, कारण त्यावरची सगळी भांडणं आमच्या घरी मराठीतच झाली!

विषय आहे हार्ड डिस्क.

हसू नका. सबमिशनच्या आदल्या रात्री "अगं, माझा पेनड्राइव्ह दिसतच नाहीये" असं म्हणत हॉस्टेलवर कुणीतरी माझं दार वाजवतंच. मी कम्प्युटर ब्रँचला आहे, म्हणजे मला सगळं येत असणार, असा सगळ्यांचा गोड गैरसमज आहे. मी फक्त एकच प्रश्न विचारते, "दुसरी कॉपी कुठे आहे?" यावर समोर जी शांतता पसरते ना, ती परीक्षेच्या हॉलमध्येसुद्धा नसते. हा प्रश्न मी कुठल्याही सब्जेक्टमध्ये शिकले नाही. तो कुठे शिकले, त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव सांगली. बाबा फोटोग्राफर. लग्न, मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळं करतात. त्यांचा स्टुडिओ मारुती चौकाजवळ होता. ज्यांना सांगली माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कृष्णेला पूर आला की जिथे पाणी शिरतं, त्यातलाच तो भाग.

ऑगस्ट २०१९. मी आठवीत होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, धरणांतून पाणी सोडणं चालू होतं आणि सगळ्या गावाचं लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडे लागलं होतं. आमच्याकडे क्रिकेटचा स्कोअर विचारावा तशी ती विचारतात. "किती झालं? पंचेचाळीस?" पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. बाबांनी २००५ चा पूर पाहिलेला होता. त्या वेळी दुकानात पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण भिंतीवर होती. बाबांनी कॅमेरे, लेन्स आणि प्रिंटर रिक्षात घालून घरी आणले. हार्ड डिस्कचा डबा मात्र त्यांनी त्या खुणेच्या चांगला दोन फूट वर, भिंतीतल्या फळीवर ठेवला. पाच एक्स्टर्नल डिस्क, प्लॅस्टिकच्या डब्यात, वरून पिशवी बांधून. "२००५ च्या वर काय येतंय पाणी," असं तेव्हा अख्खं गाव म्हणत होतं. बाबाही म्हणाले.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त.

ज्यांच्या घरातली माणसं गेली, ज्यांची जनावरं दावणीला बुडाली, त्यांच्यापुढे आमचं नुकसान काहीच नव्हतं हे मला माहीत आहे. तरीही पाणी उतरल्यावर बाबांबरोबर दुकानाचं शटर उघडलं तो दिवस मी विसरणार नाही. सगळीकडे काळा, चिकट गाळ आणि तो वास. डबा फळीवरून तरंगत जाऊन कोपऱ्यात उलटा पडला होता. पिशवीत पाणी, डब्यात पाणी. बाबांनी एक डिस्क हातात घेऊन तिरकी केली तर तिच्यातून गढूळ पाणी गळलं.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. आठ-दहा दिवसांनी लोक यायला लागले. पुरात त्यांचे अल्बम भिजले होते. करिझ्मा अल्बम पाण्यात चार दिवस राहिला की त्याची वीट होते, पानं सुटतच नाहीत. "तुमच्याकडे कॉपी असेल ना हो?" प्रत्येकाचा हाच प्रश्न. त्यातल्या एक काकू मला अजून आठवतात. त्यांच्या मुलीचं लग्न बाबांनी २०१४ ला केलं होतं. म्हणजे फोटो काढले होते, आमच्या घरी असंच म्हणतात! मधल्या काळात काका वारले. काकूंना सगळे फोटो नको होते. कन्यादान करतानाचा काकांचा एक फोटो हवा होता, बस्स. बाबांनी रजिस्टर काढलं. ते घरी होतं म्हणून वाचलं होतं. नाव शोधलं, पुढे लिहिलं होतं, "डिस्क नं. ३".

"बघतो वहिनी," बाबा म्हणाले.

पाचही डिस्क डेटा रिकव्हरीला पाठवल्या. खर्च ऐकून आई खुर्चीत बसली. दोन डिस्क वाचल्या. तीन नंबरची त्यात नव्हती.

असो. आता गेल्या दिवाळीच्या सुट्टीवर येते. बाबांनी पुरानंतर दुकान सोडलं. आम्ही विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि बाबा घरूनच काम करतात. पुरानंतरची दीडशेच्या वर लग्नं आणि जुन्यातलं जे वाचलं ते, असं मिळून साधारण साडेतीन टीबी डेटा. तो कम्प्युटरमधल्या एका डिस्कवर आणि एका जुन्या एक्स्टर्नलवर होता. ती एक्स्टर्नल मधूनच टकटक आवाज करायला लागली होती. मी घरी पोचल्या पोचल्या बाबा म्हणाले, "तू आता इंजिनिअर होणार ना? मग सांग, कुठली डिस्क घ्यायची? या वेळी एकदाच घेऊ, पण चांगली घेऊ."

एकदाच घेऊ, पण चांगली घेऊ! हे वाक्य आपल्या लोकांच्या रक्तातच आहे. कुकरपासून जावयापर्यंत आपण याच नियमाने घेतो.

मी तर वाटच बघत होते. लगेच लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं, "बाबा, एंटरप्राइज डिस्क घ्यायची. बारा टीबीची. पुढची दहा वर्षं बघायला नको." मग माझं लेक्चर सुरू झालं. एंटरप्राइज डिस्क म्हणजे डेटा सेंटरसाठी बनवलेली डिस्क. दिवसरात्र चालण्यासाठी. वर्षाला ५५० टीबीपर्यंत वाचन-लेखन करायला चालेल असं कंपनीच लिहून देते. पाच वर्षांची वॉरंटी. एक्स्टर्नलला दोन किंवा तीन वर्षांची असते. शेजारच्या डिस्कचे हादरे ओळखून स्वतःला सावरणारे सेन्सर असतात. मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये तर हवेऐवजी हेलियम भरून त्या कायमच्या सील केलेल्या असतात. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक भोक असतं.

भोक म्हटल्यावर बाबांनी मान वर केली. "म्हणजे आपल्यात पाणी तिथून गेलं?"

"हो."

"आणि ही हेलियमवाली बुडाली तरी चालेल?"

"आत पाणी जाणार नाही... पण सर्किट बोर्ड बाहेरच असतो," मी हळूच म्हणाले.

"मग काय उपयोग!"

मी विषय बदलला आणि माझा हुकमी एक्का काढला. "बाबा, याचं एमटीबीएफ किती आहे माहितीये? पंचवीस लाख तास!"

बाबा कॉमर्सवाले. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला. वर्षाचे ८,७६० तास. पंचवीस लाख भागिले ८,७६०. "दोनशे पंच्याऐंशी वर्षं," ते म्हणाले. "म्हणजे थोरल्या बाजीरावाने घेतली असती तर अजून चालू असती?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मी चिडले. चिडायचं कारण असं की बाबांची शंका बरोबर होती आणि मला तिचं उत्तर धड देता येत नव्हतं. आपण वर्गात एमटीबीएफची व्याख्या पाठ करतो, दोन मार्क मिळवतो आणि पुढे जातो. रात्री बसून नीट वाचलं तेव्हा कळलं की हा आकडा एका डिस्कचं आयुष्य सांगतच नाही. तो गर्दीचा आकडा आहे. अशा एक हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यातल्या साधारण तीन-चार बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ. ज्याच्याकडे हजार डिस्क आहेत त्याच्यासाठी हा आकडा सोन्यासारखा. तो चार डिस्क जास्तीच्या आणून ठेवतो आणि झोपतो. ज्याच्याकडे एकच डिस्क आहे त्याला तो काहीच सांगत नाही. आपली डिस्क त्या चारांतली निघाली तर उरलेल्या ९९६ छान चालू आहेत या बातमीचा आपल्याला काय उपयोग?

वाचता वाचता अजून एक गंमत सापडली. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन या दोघांनी सुमारे एक लाख डिस्कचा अभ्यास करून एक पेपर मांडला. डेटाशीटवरून हिशोब केला तर वर्षाला १ टक्क्याहूनही कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के बदलाव्या लागल्या, आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत! शिवाय महागड्या सर्व्हर डिस्क आणि साध्या साटा डिस्क यांच्या बदलण्याच्या प्रमाणात त्यांना ठळक फरक दिसला नाही. त्याच परिषदेत गूगलच्या इंजिनिअर्सनी त्यांच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी आधी कसलीच सूचना दिली नव्हती.

हे मी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे आजारी न पडता गेलेली माणसं असतात, तसंच की."

मग थायलंडचा किस्सा सांगितला. पूर आणि हार्ड डिस्क यांचं काय वैर आहे कोण जाणे. २०११ साली थायलंडमध्ये मोठा पूर आला आणि डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले. जगभर भाव कडाडले. अमेरिकेत बॅकब्लेझ नावाची कंपनी आहे. लोकांचा बॅकअप सांभाळणं हाच तिचा धंदा. त्यांना कम्प्युटरच्या आत बसणाऱ्या डिस्क परवडेनात, पण दुकानातल्या एक्स्टर्नल डिस्क तुलनेने स्वस्त होत्या. मग त्यांनी काय करावं? कर्मचारी, मित्र, नातेवाईक असे सगळे दुकानोदुकानी फिरले, एक्स्टर्नल डिस्क विकत घेतल्या, त्यांची कव्हरं फोडली आणि आतल्या डिस्क काढून सर्व्हरमध्ये बसवल्या! त्या चालल्या. पुढे २०१३ साली त्यांनी आपल्याकडच्या साध्या आणि एंटरप्राइज डिस्कची तुलना छापली, तेव्हा एंटरप्राइजवाल्या कमी बंद पडतात असं काही त्यांना आढळलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग कंपन्या काय फसवतात का? नाही हो. एंटरप्राइज डिस्क तिच्या जागी खरंच चांगली आहे. एका पेटीत वीस-तीस डिस्क शेजारी शेजारी गरगर फिरत असतील, चोवीस तास काम असेल, तर तिथे तीच हवी. आमच्याकडे ती एकटी शोकेसमध्ये गणपतीशेजारी बसणार होती. हादरे कुणाचे ओळखणार, आरतीच्या टाळांचे? तिला नुसती यूएसबी वायर लावून भागत नाही, वेगळं डॉक आणि बारा व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो. शिवाय ती घरघरते. सर्व्हर रूममध्ये कुणी झोपत नाही, आमच्या हॉलमध्ये आजोबा झोपतात.

पण मला खरं गप्प केलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. डिस्कवरची एखादी जागा वाचता येत नसेल तर साधी डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. कधी कधी अर्धा-पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त. एंटरप्राइज डिस्क साधारण सात सेकंदांत नाद सोडते आणि सांगून टाकते, "मला नाही वाचता येत." का? कारण तिला माहीत असतं की हाच डेटा शेजारच्या डिस्कवरूनही मिळू शकतो. उगाच अडून बसलं तर सगळ्यांचं काम थांबेल. आपल्या ग्रुप व्हायवासारखंच आहे हे. शेजारी हुशार पार्टनर असेल तर आपण सातव्या सेकंदाला "सर, ही सांगेल" म्हणून मोकळे होतो. एकटेच उभे असू तर घाम पुसत आठवत राहतो.

म्हणजे बघा, जगातली सगळ्यात दणकट म्हणून विकली जाणारी डिस्कसुद्धा हे गृहीत धरूनच बनवली आहे की आपण एकटे नाही. आणि मी तिलाच घरी आणून एकटं ठेवणार होते.

एवढं कळूनही मी माघार घेतली नाही हं! विशीतला इगो. "तरी पण चांगली ती चांगलीच," असं म्हणत मी दुपारी बाबांना कोटेशन दाखवायला बसले. दुकानदाराच्या भावात बारा टीबीची एक एंटरप्राइज डिस्क आणि डॉक मिळून जेवढे होत होते, तेवढ्यात पाच टीबीच्या दोन पोर्टेबल एक्स्टर्नल येऊन वर थोडे पैसे उरत होते. बाबा विचारात पडले. तेवढ्यात इतका वेळ पेपर वाचणारे आजोबा बोलले.

आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हार्ड डिस्क म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. ते म्हणाले, "पोरी, हरिपूरची पेवं बघितलीस का तू?"

लहानपणी बघितली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सांगलीजवळ हरिपूर आहे, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर. तिथली माती अशी की जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद साठवायचे. त्याला पेव म्हणतात. तोंड अरुंद, आत मोठी पोकळी. हळद भरायची आणि तोंड बंद करून टाकायचं.

"वर्षानुवर्षं हळद टिकायची," आजोबा म्हणाले. "कीड नाही, बुरशी नाही. रंगसुद्धा तसाच. गोडाऊनमध्ये ठेवायची कुणाला गरजच वाटायची नाही. व्यापारी म्हणायचे, पेवात टाकली की झोप लागते. मग २००५ ला पाणी आलं. पेवात शिरलं. पेव काही वाईट नव्हतं गं. पण सगळी पेवं एकाच गावात, नदीच्या काठाला."

एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

मी काही बोलले नाही. मला २०१९ ची ती फळी दिसत होती. बाबांनी तेव्हा डिस्क चुकीच्या घेतल्या नव्हत्या. त्या पाण्यात एंटरप्राइजच्या पाच डिस्क असत्या तरी त्याच गाळात सापडल्या असत्या. चूक कंपनीची नव्हती, किमतीची नव्हती. पाचही डिस्क एकाच डब्यात होत्या आणि प्रत्येक लग्न फक्त एका डिस्कवर होतं. काकूंच्या त्या फोटोची दुसरी कॉपी एखाद्या साध्या, स्वस्त, हळू चालणाऱ्या डिस्कवर मिरजेच्या आत्याकडे असती तरी पुरलं असतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन आम्ही दोन एक्स्टर्नल डिस्क आणल्या. मुद्दाम दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकीत काही खोट निघालीच तर तीच खोट दुसरीत असायची शक्यता कमी. दोन दिवस कॉपी चालली. पोर्टेबल डिस्क हळू असतात हे खरं आहे. जास्त क्षमतेच्या पोर्टेबल डिस्कमध्ये डेटाचे ट्रॅक बहुतेक वेळा मंगलोरी कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाचते, पण मधलंच एक कौल बदलायचं तर शेजारची पण उचलावी लागतात. रोज एडिटिंग करायला ही डिस्क कंटाळवाणी आहे. एकदा भरून ठेवायला मात्र काहीच हरकत नाही, आणि आम्हाला भरूनच ठेवायचं होतं.

एक्स्टर्नलचे तोटेही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी त्यांची एजंट आहे असं वाटेल. ती हातात फिरते म्हणून हातातून पडते. चालू असताना टेबलावरून पडली तर बहुतेक वेळा खेळ खलास. तिची वायर आणि पिन आधी सैल होते. "वायर खराब झाली तर आतली डिस्क काढून कम्प्युटरला लावू," असं म्हणणाऱ्यांना एक सूचना. काही छोट्या पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावरच असतं, आत साटा पिन नसतेच. आणि काही मोठ्या टेबलावरच्या डिस्कमध्ये कव्हरमधलं सर्किटच सगळा डेटा एन्क्रिप्ट करतं, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरी. ते सर्किट गेलं की आतली डिस्क ठणठणीत असूनही वाचता येत नाही. थोडक्यात, एकट्या एक्स्टर्नलवर विसंबणं हाही तितकाच वेडेपणा. आणि वॉरंटीचं म्हणाल तर ती डिस्कची असते. डिस्क बंद पडली तर कंपनी दुसरी डिस्क देईल. ती रिकामी असेल.

शेवटी आमच्या घरची व्यवस्था अशी झाली. एक कॉपी बाबांच्या कम्प्युटरमध्ये, जिच्यावर रोजचं काम चालतं. दुसरी एका एक्स्टर्नलवर, आईच्या कपाटात. ती फक्त कॉपी करायच्या वेळी लावायची. कायम लावून ठेवली तर व्हायरस आला किंवा चुकून फोल्डर उडवला की दोन्हीकडचं एकदमच जाणार. आणि तिसरी कॉपी सांगलीच्या बाहेर. क्लाउडचाही विचार केला होता. पण साडेतीन टीबी अपलोड करायला लागणारे दिवस आणि दर महिन्याचं भाडं बघून बाबांनी हात जोडले. आता प्रत्येक लग्नातले निवडक फोटो तेवढे वर चढवतात.

तीन कॉपी, दोन प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक लांब. याला ३-२-१ नियम म्हणतात, आणि तो लोकप्रिय केला पीटर क्रॉग नावाच्या एका अमेरिकन फोटोग्राफरने. हे ऐकल्यावर बाबांची छाती फुगली. "बघ, इंजिनिअरने नाही, फोटोग्राफरने!" त्यांनी हे आईला तीनदा सांगितलं.

आता तुम्ही विचाराल, लांबची कॉपी कुठे ठेवली? तर मंडळी, ती तुमच्याच हॉस्टेलवर आहे. माझ्या कपाटात, स्वेटरच्या घडीत. पासवर्ड लावलेली आहे, तेव्हा शेजारच्या रूमवाल्यांनी उगाच लग्नाचे व्हिडिओ बघायची स्वप्नं बघू नयेत! सांगलीतल्या दीडशे घरांची हळद, अक्षता, पाठवणी माझ्या कपाटात आहे ही भावना विचित्र आहे. पहिल्या आठवड्यात मी रात्री दोनदा उठून कपाटाचं कुलूप बघितलं. दर सुट्टीत मी ही डिस्क घरी नेते, नवीन काम भरून घेते आणि आईच्या कपाटातली इकडे आणते. आणताना चेकसम जुळवून बघते आणि चार-पाच फोल्डर उघडूनही बघते. कारण कधीच उघडून न बघितलेला बॅकअप हा नुसता विश्वास असतो.

काकूंचा फोटो मिळाला नाही. ही गोष्ट सिनेमा असती तर दिवाळीत कॉपी करताना एखाद्या जुन्या फोल्डरमध्ये तो सापडला असता. मी खरंच शोधला. दोन वाचलेल्या डिस्कमधला प्रत्येक फोल्डर उघडला. नाही सापडला. बाबांना मी हे सांगितलं नाही, पण मला वाटतं त्यांनीही आधी कधीतरी तसाच शोधला असावा.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कुठली डिस्क चांगली असं विचारायला माझ्याकडे जरूर या, मी सांगेन. घरी चोवीस तास चालणारी, तीन-चार डिस्कची पेटी लावणार असाल तर एंटरप्राइजचा किंवा तशाच पेट्यांसाठी मिळणाऱ्या नॅस डिस्कचा विचार करा. फोटो, व्हिडिओ भरून ठेवायचे असतील तर एका महागड्या डिस्कपेक्षा दोन साध्या घ्या आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. पण त्याआधी आज रात्री एक काम करा. तुमच्या बीई प्रोजेक्टच्या कॉपी मोजा. आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमचे फोटो काढलेत का बघा. आजीचा आवाज फक्त एकाच मोबाइलमध्ये असेल तर तो अजून कुठेतरी पाठवा. उद्या सबमिशन आहे म्हणून परवावर ढकलू नका. आमचं पाणी रात्रीत चढलं होतं.

बाबांच्या रजिस्टरमध्ये आता "डिस्क नं."च्या पुढे एक नवीन रकाना आहे, "दुसरी कुठे". दीडशे ओळींत तिथे माझं नाव लिहिलेलं आहे. रविवारी घरून फोन येतो. आई विचारते, "जेवलीस का?" मग बाबा फोन घेतात आणि विचारतात, "दोघी बऱ्या आहात ना?"

दुसरी कोण, हे मला आता विचारावं लागत नाही.